स्टार टाकण्याआधी

दौंड

चि. मनू,

तू पाठवलेली ओळ वाचली. सपोर्टच्या पोरांना सर्व्हरवरचे लॉग बघता यावेत, त्यासाठी रात्री-अपरात्री तुला उठवायला लागू नये, म्हणून सुडोअर्स फाइलमध्ये तू एक ओळ घालणार आहेस आणि तिच्या शेवटी स्टार टाकला आहेस. वर विचारतेस, "एवढं पुरे ना, मामा?" अगं, पुरून उरेल इतकं आहे, आणि उरतंय तिथंच घोळ आहे. फोनवर सांगून मोकळा झालो असतो, पण तू डेमू गाडीत उभी होतीस आणि हा विषय उभ्या-उभ्या पटण्यातला नाही. शिवाय आपल्या दौंड-पाटस-केडगावची तुझ्यासारखी बरीच मुलं आता हडपसर-खराडीच्या कंपन्यांत, कुरकुंभ एमआयडीसीत, पतसंस्थांत, साखर कारखान्यांच्या ऑफिसांत सर्व्हर सांभाळतात. त्यांच्याही उपयोगी पडावं म्हणून पत्र उघडंच लिहितोय. दाजीही वाचणार, तेव्हा आज्ञासुद्धा देवनागरीत लिहितो. टाइप करताना तू त्या इंग्रजीत करशीलच.

दाजींसाठी आधी थोडक्यात. लिनक्स किंवा युनिक्सच्या कुठल्याही यंत्रावर रूट नावाचा एक मालक असतो. कुठलीही फाइल वाचणं, बदलणं, पुसणं, कुणाचाही पासवर्ड बदलणं, यंत्र बंद करणं, त्याला कशालाच मज्जाव नाही. बाकीचे सगळे आपापल्या हद्दीत. पण रोजच्या कामात मालकाचा अधिकार लागणारी बारीकसारीक कामं निघतातच. त्यासाठी सगळ्यांना रूटचा पासवर्ड वाटला, तर कुणी काय केलं याचा पत्ता लागत नाही, आणि एक जण नोकरी सोडून गेला की पासवर्ड बदलून पुन्हा सगळ्यांना सांगत बसावं लागतं. १९८० च्या सुमारास अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफलो इथल्या संगणक विभागात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी यावर तोडगा काढला. तोच सुडो. माणसानं स्वतःचाच पासवर्ड द्यायचा. या माणसाला हे काम मालकाच्या नावानं करायची मुभा आहे का, हे यंत्रानं यादीत बघायचं. असेल तर करू द्यायचं आणि नोंद ठेवायची. टॉड मिलर नावाचे गृहस्थ ३० वर्षांहून अधिक काळ हा प्रोग्राम सांभाळत आहेत. आणि ती यादी म्हणजे सुडोअर्स.

यादीतल्या प्रत्येक ओळीत चार गोष्टी असतात: कोण, कुठल्या यंत्रावर, कुणाच्या नावानं, आणि कोणती आज्ञा. तुझी ओळ अशी आहे:

%सपोर्ट ऑल = (रूट) /बिन/कॅट /व्हार/लॉग/मेसेजेस*

कॅट म्हणजे फाइल पडद्यावर दाखवणारी आज्ञा. तू असं का लिहिलंस ते कळतं. लॉग दर आठवड्याला फिरतो, जुन्या फाइलच्या नावापुढे तारीख लागते. मेसेजेस ही चालू फाइल, आणि तिच्यामागे तारखांच्या शेपट्या लावलेल्या तीन-चार जुन्या. प्रत्येकीचं नाव आधी कसं लिहिणार? म्हणून स्टार. तुझ्या मते त्या स्टारचा अर्थ "मेसेजेसनं सुरू होणारी कुठलीही फाइल" एवढाच.

सुडो तो अर्थ घेत नाही. आज्ञेच्या पुढचे जेवढे शब्द असतील, तेवढे तो मधल्या मोकळ्या जागांसकट एका सलग ओळीत जोडतो, आणि ती ओळ तुझ्या ओळीशी ताडून बघतो. स्टारच्या जागी काहीही चालतं: अक्षरं, आकडे, स्लॅश आणि मोकळी जागासुद्धा. तेव्हा सपोर्टच्या एखाद्या पोरानं असं लिहिलं:

सुडो कॅट /व्हार/लॉग/मेसेजेस /इटीसी/शॅडो

तर तुझ्या ओळीत ते चपखल बसतं. आधी लॉग दिसेल आणि त्याच्याखाली शॅडो फाइल, म्हणजे यंत्रावरच्या सगळ्यांचे, रूटचासुद्धा, पासवर्ड ज्या सांकेतिक रूपात ठेवलेले असतात ती फाइल. ती एकदा पेनड्राइव्हवर गेली की घरी बसून सावकाश फोडत बसायला कुणाची आडकाठी नाही. हे काही मी शोधून काढलेलं नाही. सुडोअर्सच्या मॅन्युअलात स्टारबद्दलचा इशारा आहे, त्यात हेच उदाहरण दिलं आहे. पण मॅन्युअल वाचतो कोण!

मोकळी जागा नको असेल तरी वाट आहेच. /व्हार/लॉग/* असं लिहून एखादा म्हणेल, की मी फक्त लॉगच्या फोल्डरापुरतीच मुभा दिली. पण दोन टिंबं म्हणजे एक पायरी वर. /व्हार/लॉग/../../इटीसी/शॅडो हा पत्ताही लॉगच्या फोल्डरानंच सुरू होतो, आणि स्टारला तेवढंच हवं असतं.

घोळ वाढतो तो आणखी एका कारणानं. स्टारचे दोन वेगळे नियम आहेत. आज्ञेच्या पत्त्यात, म्हणजे प्रोग्राम कुठे आहे ते सांगताना, स्टार स्लॅश ओलांडत नाही. /यूएसआर/बिन/* मध्ये त्या फोल्डरातले प्रोग्राम येतात, त्याच्या आतल्या फोल्डरातले येत नाहीत. आज्ञेच्या पुढच्या शब्दांत मात्र स्टार सगळं ओलांडतो. माणूस पहिला नियम शिकतो आणि तोच दुसऱ्या ठिकाणी गृहीत धरतो. त्यात तिसरा स्टार येऊन मिसळतो, तो टर्मिनलवरचा. तू सुडो कॅट /व्हार/लॉग/* असं टाइप करतेस, तेव्हा तो स्टार सुडोपर्यंत पोचतच नाही. तुझं शेल, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा वाचणारा प्रोग्राम, आधीच फोल्डर उघडून स्टारच्या जागी फाइलींची नावं भरतं, तेही तुझ्या स्वतःच्या अधिकारात. फोल्डर वाचायची परवानगी तुला नसेल, तर शेलला एकही नाव सापडत नाही, स्टार आहे तसाच पुढे जातो आणि कॅट म्हणतो, "अशी फाइल नाही." मग बिचारा नवखा वैतागून सुडोअर्समध्ये आणखी एक स्टार वाढवतो. रोग एकीकडे आणि औषध भलतीकडे!

चौकटी कंसाचंही तेच. [०-९]* असं लिहिलं की लोकांना वाटतं, फक्त आकडेच चालतील. तसं नाही. कंस एकाच अक्षराचा पहारेकरी. पहिला आकडा आहे एवढं बघून तो बाजूला होतो, आणि पुढे स्टारचं राज्य सुरू.

आता तू म्हणशील, सपोर्टची मुलं काही चोर नाहीत. नसतीलच. पण त्यांच्यातल्या एकाचा लॅपटॉप चोरीला गेला, कुणी भलत्या लिंकवर क्लिक केलं, तर तुझी ओळ त्या मुलाला विचारत बसत नाही; जो त्याच्या नावानं आला त्याला ती दार उघडते. पुण्यातली ऑगस्ट २०१८ ची कॉसमॉस बँकेची घटना तुला आठवत असेल, तेव्हा तू शाळेत होतीस. एटीएममधून आलेली मागणी बँकेच्या मुख्य यंत्राकडे नेऊन होकार-नकार आणणारी जी यंत्रणा असते, तिच्या जागी चोरांनी आपली खोटी यंत्रणा उभी केली आणि तीच सगळ्यांना होकार देत बसली. ११ ऑगस्टला २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, १३ ऑगस्टला हाँगकाँगच्या एका खात्यात पैसे वळवले, आणि एकूण आकडा झाला ९४ कोटी ४२ लाख रुपये. तिथं सुडोच्या ओळीचा दोष होता असं मी म्हणत नाही. सांगायचं एवढंच, की मालकाच्या वतीनं "हो" म्हणणारं यंत्र भलत्याच्या हाती गेलं की दोन दिवस पुरतात. सुडोअर्सही तुझ्या सर्व्हरवर मालकाच्या वतीनं "हो" म्हणायलाच बसलेली आहे.

आता तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर. ही ओळ घालूच नकोस. सुडोचा विचार करण्याआधी पहिला प्रश्न हा विचारायचा, की या कामाला मालकाचा अधिकार खरंच लागतो का? लॉग वाचायला लागत नाही. उबुंटू-डेबियनवर /व्हार/लॉगमधल्या बहुतेक फाइली एडीएम नावाच्या गटाला वाचता येतात. सपोर्टच्या मुलांना त्या गटात घाल, काम संपलं. रेड हॅटच्या घराण्यातलं यंत्र असेल, तर त्यांना सिस्टिमडी-जर्नल या गटात घे आणि जर्नलसीटीएलनं लॉग बघायला सांग. वाचता येईल, बदलता येणार नाही, शॅडोला हात लागणार नाही. जी कामं सुडोशिवाय होतात, ती सुडोशिवायच करावीत.

पण काही कामांना मालकाचा अधिकार लागतोच, आणि तिथं "नाही म्हणजे नाही" म्हणून हटून बसणंही बरोबर नाही. आपल्याकडचंच उदाहरण घे. समज, गाळप हंगाम चालू आहे. रात्रीचे दोन. कारखान्याच्या गेटबाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग हमरस्त्यापर्यंत गेलेली, बैलगाड्या एका बाजूला, तोडणीवाले शेकोटी करून बसलेले. आणि वजनकाट्याचा प्रोग्राम अडकून बसतो. आकडा पुढे सरकत नाही. काट्यावरच्या ऑपरेटरला तो प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू करायचा आहे, म्हणजे सिस्टिमसीटीएलची एक आज्ञा द्यायची आहे. ती द्यायला रूट लागतो, आणि रूटचा पासवर्ड असलेला माणूस पुण्यात झोपलेला. रांगेतला ऊस वाळतोय, वजन घटतंय, ड्रायव्हर शिव्या घालतोय. इथं ऑपरेटरला अधिकार न देणं हीसुद्धा चूकच. द्यायचा, पण किती?

कंटाळलेला माणूस लिहितो: सिस्टिमसीटीएल आणि पुढे स्टार. झालं, ऑपरेटर खूश, पुण्यातला माणूस गाढ झोपला. पण सिस्टिमसीटीएलच्या पुढे काहीही चालणार म्हणजे डेटाबेस बंद करता येणार, सर्व्हिसची व्याख्या बदलून तिच्यात आपली आज्ञा घुसवता येणार, आणि ती आज्ञा रूटच्या नावानं चालणार. थोडक्यात, ऑपरेटर मालक झाला. थोडा सावध माणूस लिहितो: रीस्टार्ट वजनकाटा आणि पुढे स्टार. तरीही मोकळी जागा सोडून पुढे दुसऱ्या कुठल्याही सर्व्हिसचं नाव लिहिता येतंच. नीट लिहिलेली ओळ अशी:

काटा ऑल = (रूट) /बिन/सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट वजनकाटा.सर्व्हिस

यात स्टार नाही, जास्तीचा शब्द नाही. याच आज्ञेला मुभा; एक अक्षर इकडचं तिकडे झालं की नकार. काटे चार असतील आणि प्रत्येकाची सर्व्हिस वेगळी असेल, तर चार ओळी लिही किंवा वजनकाटा-[१-४].सर्व्हिस असं लिही. इथं कंस चालतो, कारण त्याच्यामागे स्टार नाही. एकच अक्षर, तेही एक ते चारमधलं, आणि नाव तिथंच बंद.

काट्याचं उदाहरण मुद्दाम घेतलं. काटामारीची तक्रार आपल्याकडे नवी नाही. ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला विचार, तो पहिला प्रश्न काट्याचाच काढेल. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्रानं १०.२५ टक्के उताऱ्याला उसाची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, क्विंटलला ३५५ रुपये ठरवली. म्हणजे ढोबळ हिशेबानं एका ट्रॉलीमागे एक क्विंटल इकडचं तिकडे झालं, तर शेतकऱ्याचे साडेतीनशे रुपये गेले. आणि काट्याच्या संगणकावर ज्याच्याकडे रूट, त्याला वजनांचा डेटाबेस बदलता येतो, यंत्राचं घड्याळ मागे-पुढे करता येतं, आणि केलेल्या कामाची नोंदही पुसता येते.

नोंदीचा मुद्दा नीट लक्षात घे. सुडो प्रत्येक आज्ञेची नोंद ठेवतो: कोण, कधी, कुठून, कोणती आज्ञा. उबुंटूवर ती ऑथ.लॉगमध्ये जाते, रेड हॅटवर सिक्युअर नावाच्या फाइलमध्ये. ओळ नेमकी असेल तर नोंदही नेमकी येते: अमक्या रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी काटा या वापरकर्त्यानं वजनकाटा सर्व्हिस पुन्हा चालू केली. ओळ ढिली असेल, तर माणूस एकदा सुडो बॅश करतो आणि रूटच्या शेलमध्ये जाऊन बसतो. नोंदीत "बॅश चालवलं" एवढी एकच ओळ. आत बसून पुढचे दोन तास काय केलं, याचा साध्या नोंदीत मागमूस नाही. वर मालकच झाला असल्यामुळे ती एक ओळही पुसणं त्याच्या हातात. म्हणूनच ही नोंद त्याच यंत्रावर न ठेवता दुसऱ्या यंत्रावर पाठवायची सोय करून ठेवावी.

उद्या वजनावरून भांडण झालं, संचालक आणि शेतकरी काट्यापाशी जमले, तर नेमक्या ओळीचा फायदा सगळ्यांत जास्त कुणाला होणार? त्या ऑपरेटरला. "मला एवढंच करता येत होतं, आणि मी एवढंच केलं," असं त्याला छातीठोकपणे म्हणता येतं, आणि यंत्र त्याची साक्ष देतं. स्टार दिला असता तर त्यानं काहीही केलेलं नसतानाही संशय त्याच्यावरच आला असता, आणि तो निस्तरायला त्याच्याकडे काही नसतं. म्हणून सांगतो, नेमका अधिकार देणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणं नाही. त्यात त्याचंच रक्षण आहे.

तुझ्या आजोबांना हे समजावून सांगायची गरज पडली नसती. रेल्वेत एकेरी मार्गावर टोकनची पद्धत होती, त्यांचा जन्म त्यातच गेला. दोन स्टेशनांत दोन यंत्रं, विजेच्या तारेनं एकमेकांना बांधलेली. पुढच्या स्टेशनानं संमती दिल्याशिवाय इथल्या यंत्रातून टोकन निघत नाही, आणि एक टोकन बाहेर आहे तोवर दोन्हीकडून दुसरं निघत नाही. टोकन म्हणजे एक गोळा; त्यावर दोन स्टेशनांची नावं असायची, आणि ड्रायव्हरनं ती वाचून बघितल्याशिवाय गाडी हलवायची नाही असा शिरस्ता. टोकन काष्टी स्टेशनापर्यंतचं, तर अधिकार काष्टीपर्यंतचाच; पुढच्या टप्प्याला नवं टोकन. मनमाडपर्यंत जायचंय म्हणून "जिथवर रूळ आहेत तिथवर जा" असं टोकन कुणी कधी दिलं नाही. आणि चौकशी बसलीच, तर ड्रायव्हर पहिल्यांदा काय दाखवणार? हातातलं टोकन.

आता बाकीच्या वाटा सांगतो. यातली एकेक कधी ना कधी तुझ्यासमोर येणारच.

कुणी म्हणेल, स्टार नाही, पण पूर्ण फोल्डर देऊ. आमच्या ॲपचे सगळे प्रोग्राम त्यातच आहेत. आधी बघ, त्या फोल्डरात लिहायची परवानगी कुणाला आहे. ॲपच्याच वापरकर्त्याला असेल, तर तो आपली स्क्रिप्ट तिथं आणून ठेवेल आणि सुडोनं चालवेल. रूटच्या नावानं जे चालणार, ती फाइल आणि तिचं फोल्डर दोन्ही रूटच्याच मालकीचं हवं. दुसऱ्या कुणाला त्यात लिहिता येता कामा नये.

कुणी म्हणेल, फक्त लेस द्या, फाइल वाचायलाच तर हवाय. लेसमध्ये उद्गारचिन्ह दाबून आज्ञा चालवता येते. व्हीआयमध्ये कोलन आणि उद्गारचिन्ह. फाइंडला तर सापडलेल्या फाइलवर दुसरा प्रोग्राम चालवायची सोयच आहे. हे सगळे प्रोग्राम सुडोनं चालवले, की त्यांच्या आतून उघडलेलं शेलही रूटचंच. फाइल बदलायला द्यायचीच असेल तर व्हीआय न देता सुडोएडिट दे. तो फाइलची एक प्रत काढून देतो, एडिटर त्या माणसाच्या स्वतःच्या अधिकारात चालतो, आणि बदललेली प्रत शेवटी जागेवर जाते. पण तिथंही पत्त्यात स्टार नको. २०१५ मध्ये सुडोएडिटमध्ये जी त्रुटी सापडली, ती नेमकी पत्त्यात एकाहून जास्त स्टार असलेल्या ओळींत होती; स्टारच्या जागी येणाऱ्या फोल्डरात खोटा दुवा ठेवून भलतीच फाइल उघडता येत होती. १.८.१५ या आवृत्तीत ती दुरुस्त झाली.

कुणी म्हणेल, सगळं द्या, फक्त बॅश वगळा. उद्गारचिन्ह लावून तसं लिहिता येतं. लिहिता येतं, पण उपयोग शून्य. बॅशची प्रत काढून तिला दुसरं नाव दिलं की बंदी संपली. वगळायची यादी कधीच पुरी होत नाही. द्यायची यादी मात्र पुरी करता येते.

आणि खरंच बदलतं नाव हवं असेल, रोजच्या तारखेची फाइल वगैरे, तर दोन मार्ग. एक, छोटी स्क्रिप्ट लिही, ती रूटच्या मालकीची ठेव आणि मुभा फक्त त्या स्क्रिप्टची दे. आलेला शब्द स्क्रिप्टनं स्वतः तपासायचा: आठ आकडे आहेत का, आणखी काही नाही ना; तसं नसेल तर तिथूनच परत. स्क्रिप्टला कुठलाच शब्द लागत नसेल, तर ओळीच्या शेवटी दोन रिकामी अवतरणचिन्हं दे, म्हणजे पुढे काहीही लिहिलं तरी सुडो नाकारतो. दुसरा मार्ग, २०२२ मध्ये आलेल्या १.९.१० आवृत्तीपासून सुडोअर्समध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन लिहिता येतं, सुरुवातीला टोपी आणि शेवटी डॉलरचं चिन्ह देऊन. त्यात "बरोबर आठ आकडे, आणि तिथंच शेवट" असं म्हणता येतं. पण आधी यंत्रावरची आवृत्ती बघून घे, उबुंटू २२.०४ सोबत १.९.९ आली, म्हणजे एका पायरीनं हुकली.

ओळ कितीही नेमकी असली, तरी प्रोग्राम जुना ठेवू नकोस. जानेवारी २०२१ मध्ये क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी सुडोमधलं एक भगदाड जाहीर केलं. ते जुलै २०११ पासून तिथं होतं, आणि सुडोअर्समध्ये नाव नसलेल्या साध्या वापरकर्त्यालाही त्यातून रूट होता येत होतं. जगभर लाखो लोक रोज वापरतात त्या प्रोग्रामात साडेनऊ वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. जून २०२५ मध्ये आणखी दोन त्रुटी जाहीर झाल्या आणि १.९.१७पी१ मध्ये दुरुस्त झाल्या. तेव्हा अपडेट टाळू नकोस.

ऑफिसात तुला सगळ्यांत जास्त त्रास मात्र यातल्या कशाचाच होणार नाही. होईल तो एका वाक्याचा: "मॅडम, आत्ता स्टार टाका ना, नंतर नीट करू." शुक्रवारी संध्याकाळी, तुझी सहाची गाडी चुकायच्या बेतात असताना हे वाक्य येणार. तेव्हा वाद घालू नकोस, दोनच गोष्टी विचार: नेमकी कोणती आज्ञा चालवायची आहे, आणि पुढे कोणते शब्द येणार? समोरच्याला ते सांगता आलं, तर नेमकी ओळ लिहायला पाच मिनिटंही लागत नाहीत. सांगता आलं नाही, तर काय करायचं तेच त्याला अजून माहीत नाही. मग मुभा कशाची देणार? "नंतर"ची वाट मी उभ्या नोकरीत बघितली, ते कधी आलेलं दिसलं नाही.

तर आता असं कर. तू लिहिलेली ओळ सोडून दे आणि मुलांना गटात घे. मग आधीपासून त्या सर्व्हरवर असलेल्या सगळ्या ओळी वाचून काढ आणि जिथं जिथं स्टार दिसेल, तिथं तो कुणासाठी आणि कशासाठी टाकला होता ते विचार. निम्म्यांचं उत्तर कुणाला देता येणार नाही; ते सोडून गेलेल्या माणसांसाठी होते. तेवढ्या ओळी आधी पूस. उरलेल्यांच्या जागी काय लिहायचं ते मला पाठव, आपण एकेक ओळ बसून बघू.

ताईला नमस्कार सांग. आजीचे आशीर्वाद.

तुझा,
मामा

ता. क. फाइल साध्या एडिटरनं उघडू नकोस, व्हीआयसुडोनंच उघड. चूक असेल तर तो जतन करण्याआधी टोकतो. नवी ओळ वेगळ्या फाइलमध्ये ठेवायची असेल, तर सुडोअर्स.डी फोल्डरात ठेव, पण त्या फाइलच्या नावात टिंब नको. टिंब असलेली फाइल सुडो बघतच नाही, आणि तू दिवसभर डोकं खाजवत बसशील. एकाच माणसाला दोन ओळी लागू होत असतील तर शेवटची ओळ चालते, म्हणून क्रमही बघ. बदल करताना दुसऱ्या खिडकीत रूटचं एक सेशन उघडं ठेव आणि सुडो -एल -यू (यू कॅपिटल) पुढे त्या माणसाचं नाव देऊन त्याला काय काय करता येतं ते बघितल्याशिवाय ते बंद करू नकोस.